तीन मापांची प्लायमाऊथ

सातारा, १२ जानेवारी १९९४

वर्ध्या,

साष्टांग नमस्कार घालायला कंबर परवानगी देत नाही, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्याच रामराम घे.

शेवरोले पोचली. तू ती कापसात, कापूस कवळीच्या डबीत आणि डबी जुन्या बनियनमध्ये गुंडाळून एसटीच्या पार्सलनं पाठवलीस. पद्मानं आधी बनियन पाहिलं, मग डबी पाहिली आणि म्हणाली, "भावजींना कळवा, आमचे दात अजून शाबूत आहेत."

गाडी सुरेख झालीय, उगाच नावं ठेवणार नाही. पाठीचा उतार, टपाची गोलाई, पुढच्या जाळीचे दात. दात काय, तू जन्मभर तेच करत आलास म्हणा. पण गड्या, डाव्या दरवाज्यापाशी रंगाचा टवका उडालाय आणि आतनं हिरडीचा गुलाबी रंग डोकावतोय. माळवाडी रोड स्टेशनाबाहेर एवढी डौलदार अमेरिकन मोटार उभी, आणि ती जांभई देतेय असं वाटतं. पुढच्या वेळी कवळ्यांचं उरलेलंच सामान ओतणार असशील तर निदान दातांचं पांढरं तरी ओत.

माळवाडी रोड आता भरत चाललंय. नाव माझ्या डोक्यातलं आहे, रेल्वेच्या नकाशात शोधत बसू नकोस. पद्माच्या भावानं अमेरिकेहून आगगाडीचा संच आणला तेव्हा ती प्लायवूडवर नुसती गोल गोल फिरायची, पोरखेळ वाटायचा. आता फलाट झाला, मालधक्का झाला, फाटक झालं. फाटकापाशी तुझ्या मोटारी खोळंबून उभ्या असतात: दोन डॉज, एक स्टुडबेकर, एक ब्यूक आणि आता ही. सगळं जग सत्त्याऐंशी पट लहान. साल छप्पन्न, त्यानंतरचं काहीही आत घ्यायचं नाही हा माझा नियम. आपण औंधच्या बोर्डिंगात होतो तेव्हा अशी एक मोटार धुरळा उडवत गेली की आठवडाभर तिच्यावरच बोलायचो, आठवतं? पस्तीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवून मला जे मिळालं नाही ते या फळीवर मिळतंय. पद्मा म्हणते, एवढी माया घरावर केली असती तर न्हाणीघराचा नळ गळायचा थांबला असता.

आमचा निमिष रोज तुमच्याकडे जेवतो, वहिनींना भारी पडत नाही ना? कारखान्याच्या प्रयोगशाळेत साखर तपासून त्याला गोड नको झालंय म्हणतो. तिखट घाला त्याला.

तुझा,
हऱ्या


सांगली, २० जानेवारी १९९४

हऱ्या,

माझा जय जिनेंद्र उभ्या उभ्या घे, मला दोन दवाखान्यांत कवळ्या पोचवायच्या आहेत.

टवक्याचं काय घेऊन बसलास? माणूस तोंड उघडून हसतो तवा कुठं चांगला दिसतो, तसंच मोटारीचं. मेणात गाडी कोरायची, प्लास्टरचा साचा करायचा, मेण वितळवून काढायचं, सामान भरून उकळत्या पाण्यात ठेवायचं. हे सगळं मी कवळीचं काम संपल्यावर करतोय, आणि हा साहेब रंग बघतोय! चाकं कशाची हायत ठाऊक आहे का? नातवाच्या झबल्याची बटणं. काचा धुतलेल्या एक्स-रे फिल्मच्या. चंदनबाला म्हणते, घरातल्या एका झबल्याला बटण उरलं न्हाई, आता पोराला गाठी मारून घालू का?

निमिषचं म्हणशील तर तो आता आमचाच झालाय. जेवतो, भांडतो, आणि रविवारी आमच्या म्हातारीला आंघोळ घालतो. म्हातारी म्हणजे प्लायमाऊथ. अप्पांचा हळदीचा व्यापार जोरात होता तवा त्यांनी घेतलेली, चौपन्नचं मॉडेल. वर मोतिया, खाली गर्द हिरवी. सांगलीतल्या निम्म्या नवऱ्यांची वरात हिच्यातनं निघालीय. कुणी मागितली तर न्हाई म्हणायचं न्हाई, ही अप्पांची रीत मी मोडलेली नाही. सुरू करायला मात्र गल्लीचा धक्का लागतो. गुंडा शिंपी मशीन थांबवून येतो, शेजारचे येतात, आणि 'हां, हां, हां' करत म्हातारीला कोपऱ्यापर्यंत नेतात. त्याबिगर तिचं पान हलत नाही.

आता कामाचं. निमिषचा मित्र राजस याचं लग्न तुमच्या साताऱ्यात हाय. पोरानं मित्राला शब्द दिलाय की वरात प्लायमाऊथमधनं काढू. स्वतः चालवत आणणार म्हणतो. आमच्या सम्मेदनं इंजिन, ब्रेक सगळं गॅरेजला दाखवून आणलंय, ठणठणीत आहे. निमिषचा हातही चांगला बसलाय. पण एवढ्या लांब ती कधी गेलेली नाही. गाडी माझी असली तरी पोरगं तुझं. तू सांग, देऊ का?

वर्धमान


सातारा, २७ जानेवारी १९९४

वर्ध्या,

दे की! यात विचारायचं काय? मलाही ती खरीखुरी डोळ्यांनी बघायचीय, मापं घ्यायचीत. पद्माला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस. सकाळी सकाळी दारात प्लायमाऊथ उभी राहील आणि तिच्यातनं आपला लेक उतरेल, तेव्हा तिचं तोंड कसं होतं ते बघायचंय मला.

हऱ्या


सातारा, ९ नोव्हेंबर १९९४

वर्धमान,

बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. तू निमिषच्या तेराव्याला येऊन गेलास, पायरीवरच बसलास, पाणीसुद्धा न पिता उठलास. त्यानंतर तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

उंब्रजच्या पुढं आता रस्त्याच्या कडेला कुणीतरी दगडाला पांढरा रंग देऊन ठेवलाय म्हणतात. मी बघितलेला नाही. उसाची ट्रॉली कशी उभी होती, तिला मागं दिवा का नव्हता, धुकं किती होतं, हे लोकांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी स्वतः तिथं होतो असं वाटायला लागलंय. खरं म्हणजे मी तेव्हा दारातल्या कट्ट्यावर बसलो होतो. पद्मानं दोनदा विचारलं, "आज सकाळपासून बाहेर काय बसलाय?" मी तिला थापा मारत होतो.

माळवाडी रोडच्या मोटारी मी सगळ्या उचलून ठेवल्या. नुसती आगगाडी फिरवायचो, मग तीही बंद केली. आता गेला महिनाभर पुन्हा त्या खोलीत जाऊन बसतोय. पद्मा आत येत नाही. तिनं त्या खोलीच्या दिशेनं बघणंही सोडलंय.

मला तुमची प्लायमाऊथ करून दे. वर मोतिया, खाली गर्द हिरवी. नेहमीच्याच मापाची. तू अप्पांची रीत मोडत नाहीस, कुणी मागितली तर नाही म्हणत नाहीस. मी मागतोय.

हरी


सांगली, २६ नोव्हेंबर १९९४

हरी,

तुझं पाकीट आलं तवा चंदनबालानं ते माझ्या हातात दिलं आणि ती आत जाऊन बसली. तिला वाटलं, आता तू आम्हाला जे बोलायचं ते बोलणार. मलाही तसंच वाटलं. तू बोलला असतास तर बरं झालं असतं.

गाडी पाठवतोय. मेण हातात घेतलं की हात थांबायचा. शेवरोलेला, ब्यूकला फोटो बघून कोरावं लागायचं. हिला फोटो लागला नाही. डोळे मिटले तरी तिची एक एक पट्टी मला दिसती. खरीचं काय झालं ते तू विचारलं नाहीस, मीच सांगतो. भंगारात गेली. मी गेलो न्हाई, सम्मेदला पाठवलं.

आत स्टीअरिंग केलंय. त्याच्यामागं कुणी बसवलेलं नाही. तेवढं मला सांगू नकोस, मला जमणार नाही.

तुझ्या दारात पाय ठेवायला मला तोंड नाही, हऱ्या. पत्र न लिहिण्याचं कारण तेवढंच होतं.

वर्धमान


सातारा, ८ डिसेंबर १९९४

वर्धमान,

पोचली. कुठंही टवका नाही.

आता हीच गाडी याच्या निम्म्या मापाची कर. आणि ती झाली की आणखी एक, नखावर मावेल एवढी. रंग तेच.

हरी


सांगली, २ जानेवारी १९९५

हरी,

तुझं पत्र मी कितीदा वाचलं सांगू. आधी निम्मी, मग नखाएवढी. माझ्या ध्यानात आलंय. पहिली तुला बघवली न्हाई. मोठी वाटली, डोळ्यात खुपली. म्हणून ती बारीक पाहिजे, मग अजून बारीक. उद्या मोहरीएवढी मागशील, आणि परवा म्हणशील की आता दिसत नाही, सुटलो.

अरे, बघवत नव्हती तर मागितलीस कशाला? मी ती कोरताना काय खाल्लं, काय प्यायलं मला ठाऊक नाही. मला शिक्षा द्यायची असंल तर समोर बसवून दे. दोन शिव्या दे, थोबाडीत मार. लेक गेलाय तुझा, मी चकार शब्द काढणार नाही. पण अशी मापं घेऊन घेऊन छळू नकोस. बोर्डिंगात असताना तू रागावलास की आठवडाभर बोलायचा नाहीस आणि मग एकदम काहीतरी वाकडं मागायचास. म्हातारा झालास तरी तसाच.

गाडी नको असंल तर फेकून दे. मी दुसरी करणार न्हाई.

वर्धमान


सातारा, ९ जानेवारी १९९५

अरे वेड्या वर्ध्या,

माझंच चुकलं. चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर तुला एवढा त्रास झाला नसता. चित्रकलेच्या मास्तराला वाटतं की सगळ्या जगाला चित्रातलं कळतं.

लांबची वस्तू लहान दिसते. फळीवर जागा जेमतेम हातभर, आणि रस्ता तर मैलभर लांब दाखवायचा असतो. मग जवळ मोठी गाडी ठेवायची, थोडं पुढं निम्म्या मापाची, आणि भिंतीवरच्या डोंगराच्या चित्राला टेकून नखाएवढी. बघणाऱ्याला वाटतं, रस्ता लांबच लांब गेलाय.

तीन गाड्या नाहीत त्या. एकच आहे. फाटकातनं निघालेली, मग कोपऱ्यावर पोचलेली, मग लांब गेलेली.

स्टेशनामागची शेतं काढून तिथं मी तुमच्या घरासमोरचा रस्ता केलाय. तुमचं फाटक, गुंडा शिंप्याचं दुकान, कोपऱ्यावरचं कडुलिंबाचं झाड. सगळे म्हणतात, निमिष गेला. मी त्याला जाताना बघितलंच नाही रे. मी त्याला दिवाळीत बघितला, बॅग खांद्याला लावून एसटीत चढताना, आणि नंतर सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, पांढऱ्या कपड्यात बांधलेला. मधलं काहीच माझ्याकडे नाही. आत्ताही दारात पावलं वाजली की मी मान वर करतो. जो गेलेला दिसलाच नाही तो गेला असं मन कसं मानणार?

तू त्याला बघितलंस. फाटकात उभा राहून बघितलंस. माझ्यावर उपकार कर. दोन्ही गाड्या करून दे, आणि तो कसा निघाला ते लिही. काही गाळू नकोस.

तुझ्यावर राग धरायचा तर आधी मला स्वतःवर धरावा लागेल. 'दे की' असं मी लिहिलं होतं.

तुझाच,
हऱ्या


सांगली, ३० जानेवारी १९९५

हऱ्या,

दोन्ही गाड्या डबीत आहेत. लहान काढताना जपून, कापसातच हरवंल. तिला काचा नाहीत, बटणं नाहीत, चाकं म्हणून नुसते काळे ठिपके दिलेत. वर मोतिया, खाली हिरवा.

तू विचारलंस ते सांगतो. मधे उठलो तर परत बसायचो नाही, म्हणून एकाच बैठकीत लिहितोय.

निमिष आदल्या दिवशी संध्याकाळीच मुक्कामाला आलता. गाडी पुसली, आरशाला झेंडूची माळ बांधली. पहाटे मी उठलो तवा तो अंघोळ करून तयार. पांढरा शर्ट, नवीन चप्पल. तांबडं फुटत होतं आणि नदीकडनं धुकं आलतं. चंदनबाला म्हणाली, "थांब जरा, उजाडू दे, गरम धपाटी खाऊन जा." आमच्या घरात सूर्य उगवायच्या आत काही खात नाहीत, हे तुला माहीतच आहे. कधी पाहुण्याकरतासुद्धा चूल पेटवली नाही. हिनं त्या दिवशी मागं पुढं बघितलं, म्हणाली, "तुझ्यासाठी पेटवू का?" तर पोरगा हसला. म्हणाला, "नको काकू, तुमचा नियम मोडू नका. साताऱ्यात आईच्या हातचं खातो. तिला माहीतच नाही मी येतोय. दारातनं ओरडणारे, आई, भूक लागली!"

मग धक्का. गुंडा आला, सम्मेद होता, शेजारचे दोघे होते. मीही लावला हात. मागच्या डिकीवर, उजव्या बाजूला. म्हातारी कोपऱ्यापर्यंत गेली तरी धरेना. मग एकदम धरलं इंजिन, आणि आमी सगळे ओरडलो. निमिषनं काचेतनं हात काढून हलवला. कडुलिंबाखाली गेल्यावर त्यानं दोनदा भोंगा वाजवला. मग धुक्यात मागचे दिवे दिसत होते, लाल, बारीक. मग तेही दिसंनात.

हे असंच झालं. त्याच्या तोंडावर काळजी नव्हती, हऱ्या. आनंदात होता.

मी घरात येऊन हात धुतले. तवापासनं ते हात धुतल्यासारखे वाटत नाहीत. आणि चंदनबालाला एकच खातंय. परवा मंदिरातनं आल्यावर दारातच बसून रडली. म्हणाली, "नियम पाळला आणि पोराला उपाशी पाठवलं. जेवायला थांबला असता तर धुकं विरलं असतं." मी तिला काय सांगू?

वर्धमान


सातारा, १४ फेब्रुवारी १९९५

वर्धमानभावजी,

मी कधी तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही. लिहायचं काम यांचं.

परवा वर्षश्राद्ध झालं. तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं नाही. टेबलावर उघडं ठेवलं आणि फिरायला गेले. मी वाचावं असंच त्यांच्या मनात असणार. मी वाचलं.

वर्षभर मला एवढंच माहीत होतं की माझा लेक कुणाच्या तरी वरातीसाठी गाडी घेऊन निघाला होता. तो घरी येत होता हे मला दवाखान्यात पोलिसानं सांगितलं. पण तो काय म्हणत होता, कुठल्या भुकेनं निघाला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भावजी, गाडी तुम्ही दिलीत. द्या म्हणून यांनी लिहिलं. तुम्ही यांना विचारलंत, यांनी तुम्हाला कळवलं, आणि त्याच्या आईला कुणी विचारलंच नाही. मी 'नको' म्हटलं असतं का? बहुतेक नसतं म्हटलं. पण तो निघालाय हे मला ठाऊक असतं तर मी पहाटे उठले असते. चहाचं आधण ठेवलं असतं, कांदेपोहे केले असते, दहा वेळा दारात जाऊन रस्त्याकडे बघितलं असतं. लेकाची शेवटची वाट बघायचीसुद्धा राहून गेली माझी. त्या वेळी मी अंगण झाडत होते, आणि यांना विचारत होते की बाहेर काय बसलाय.

याचा राग मला तुमचाही आहे आणि यांचाही आहे. गेला असं मी लिहिणार नाही.

चंदनबालावहिनींना मात्र माझा निरोप द्या. त्यांनी त्याला उपाशी पाठवला असं म्हणून रडू नये. तो भूक राखून निघाला होता. माझ्यासाठी. तेवढं एक मला तुमच्या पत्रातनं मिळालं, आणि ते त्यांच्यामुळं मिळालं.

पत्र वाचून झाल्यावर मी त्या खोलीत गेले. वर्षानं गेले. यांनी तुमची गल्ली सुंदर केलीय, खोटं कशाला बोलू. फाटकापाशी मोठी गाडी, झाडाखाली मधली, आणि लांब डोंगराजवळ ती एवढीशी. तिन्हींची पाठ आपल्याकडे. मी स्टुलावर बसून बराच वेळ बघत राहिले. तुम्ही दोघं मित्र त्याला पोचवायला उभे आहात. तुम्हाला तो जाताना दिसतो. पण तो कुठंच जात नव्हता हो. तो माझ्याकडे येत होता.

मी तिन्ही गाड्या उचलल्या आणि वळवून ठेवल्या. आता त्या एवढ्याशा गाडीचं तोंड इकडं आहे. ती लांबून येते, झाडाखाली मोठी होते आणि फाटकापाशी येऊन थांबते. घर तुमचं आहे असं हे म्हणतात. असू दे. मी ते आमचं समजते. मी यांना विचारलं नाही, तुम्हालाही विचारलं नाही.

हे परत आले, बघितलं, आणि म्हणाले, "अगं, उलट्या झाल्या." मी म्हटलं, "राहू द्या तशाच. मला वाट बघायचीय." मग हे दारातच बसले. वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

आता रोज सकाळी दोघं तिथं बसतो.

वहिनींना घेऊन तुम्ही या. पायरीवर बसायचं नाही, आत यायचं. फक्त निघायच्या आधी मला कळवा. मला, यांना नाही. न कळवता घरी येणारं माणूस आता मला सोसायचं नाही.

पद्मा